‘रातपाळीची बाई’ आणि सोपानराव फोटोवाले

दापोडीत आमची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. एकावर पाटी ‘सोपान फोटो स्टुडिओ’, दुसऱ्यावर ‘महेक व्हिडिओ लायब्ररी’. महेक माझी थोरली मुलगी, आणि मी अय्याज. माझ्या दुकानात आता मोबाइलच्या काचा, कव्हरं आणि चार्जर मिळतात. पाटी मात्र मी बदललेली नाही. त्यामुळे अजून कोणी कोणी आत डोकावून विचारतं की लायब्ररी आहे तर पुस्तकं कुठे आहेत. मला राग येतो, पण पाटी बदलायचा कंटाळा त्याहून जास्त येतो.

सोपानराव माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या माणसालाही ते आधी पाणी प्यायला देत, मग आरशापुढे उभं करत, मग हनुवटी दोन बोटांनी वर करत. कामावर निघालेला माणूस वैतागायचा. “अहो काका, पाळी चुकेल माझी,” म्हणायचा. सोपानराव म्हणायचे, “पाळी उद्या पण आहे. हा चेहरा उद्या नसेल.” असलं काहीतरी बोलायची त्यांना सवयच होती आणि मी त्यांना त्यावरून भरपूर चिडवायचो.

आमच्या गल्लीतले लोक नांदेड, बीड, सोलापूरकडून पोटासाठी आलेले. त्यांचे आयुष्यात तीनच फोटो निघायचे: लग्नातला, रेशनकार्डाचा आणि गेटपासचा. माणूस गेला की घरचे त्यातला एक घेऊन सोपानरावांकडे यायचे आणि म्हणायचे, मोठा करून द्या, हार घालायचाय. सोपानरावांचं खरं गिऱ्हाईक हेच. लग्नाच्या घोळक्यातून ते चेहरा वेगळा काढायचे, अंगावर कोट चढवायचे, मागे आकाशी पडदा लावायचे. कोट त्यांच्याकडे एकच होता. अर्ध्या दापोडीतले गेलेले पुरुष भिंतींवर सोपानरावांच्या त्याच एका कोटात आहेत. मी हे बोललो की ते रागावायचे. गेलेल्या माणसाच्या फोटोबद्दल थट्टा त्यांना खपायची नाही. त्या कामात आपल्या हातून कधी हयगय झाली नाही, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. हे मी एवढ्यासाठी लिहितो, की पुढे जे झालं ते नेमकं त्याच कामात झालं.

दोन हजार आठ साली गल्लीतली सुमन नावाची बाई काविळीने गेली. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिचा नवरा रंगराव भोसरीत एका प्रेसशॉपला, पत्र्याचे भाग ठोकायच्या कामावर होता, बीडकडचा, शांत माणूस. पदरात तीन वर्षांची पोरगी, करिष्मा. सुमनचा घरात एकच फोटो होता, रेशनकार्डाचा, अंगठ्याएवढा, आणि अर्ध्या तोंडावर ऑफिसचा शिक्का. पण तो फोटो सोपानरावांनीच काढलेला होता, दोन वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्यांनी एक जास्तीचाही काढला होता. बाई बसली छान, कॅमेऱ्याला घाबरली नाही, म्हणून आपल्या हौसेखातर. ती निगेटिव्ह त्यांनी शोधून काढली आणि बारा बाय अठराचा फोटो करून काचेच्या फ्रेममध्ये बसवला. रंगराव बायकोच्या अस्थी घेऊन गावाकडे गेला होता. आल्यावर नेतो म्हणाला. गावी त्याचे वडील आजारी पडले आणि तो दोन महिने तिकडेच अडकला. फोटो स्टुडिओच्या भिंतीवर वाट बघत राहिला.

आणि त्याच दोन महिन्यांत आमच्याकडे भिमाजी आला.

भिमाजी चाकणच्या अलीकडच्या एका गावचा. जमीन कंपनीत गेलेली, हातात पैसा, आणि पैशाला काहीतरी वाट हवी होती. लोक बंगले बांधतात, गाड्या घेतात. याने पिक्चर काढला. नाव ‘रातपाळीची बाई’. बंद पडलेल्या शेडमध्ये मशीनवर मेलेली एक कामगार बाई, ती रात्रीच्या पाळीला येऊन एकेकाला खलास करते. भुताचा पण आणि खुनाचा तपास पण, असा दुहेरी मामला. भोसरीत एक रिकामी शेड भाड्याने घेऊन शूटिंग चालू होतं. सोपानराव त्या पिक्चरचे फोटोग्राफर होते. शूटिंग चालू असताना जाहिरातीसाठी फोटो काढायचे, एवढंच काम. पण पडद्यावर नाव येणार होतं. ‘स्थिरचित्रण: सोपानराव’. तीस वर्षं लोकांचे चेहरे काढणाऱ्या माणसाला एकदा आपलं नाव मोठं झालेलं बघायचं होतं. त्या महिन्यात ते रोज दाढी करत होते.

एक दिवस भिमाजी कपाळाला हात लावून स्टुडिओत आला. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

“सोपानराव, घोटाळा झालाय. भुताच्या बाईचा फोटू भितीवर पायजे, हार घातल्याला. पर हिरॉईन न्हाई म्हनती. जित्या मानसाच्या फोटूला हार घालू देनार न्हाई. तिची आई सेटवर येऊन बसलीया. म्हनती, हार घातला तर पोरीला घिऊन जाते.”

यात हिरॉईनचं काही चुकलं नव्हतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला कोण तयार होईल? भिमाजीने आपल्या बायकोला विचारलं, वहिनीला विचारलं, सगळ्यांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. बोलता बोलता त्याची नजर भिंतीवर गेली.

“ही बाई कोन?”

“गिऱ्हाइकाचा फोटो आहे तो. गेली ती.”

“गेल्याली हाय न्हवं? मंग झालं की. तिला आता कसला अपशकुन? येक दिस द्या, उंद्या परत आनून टांगतो.”

सोपानराव नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले. मग भिमाजी म्हणाला की फोटो मिळाला नाही तर शूटिंग बंद, आणि पिक्चरच निघाला नाही तर पडद्यावर नाव कुणाचं यायचं. तेव्हा सोपानराव माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो आणि म्हणालो, “द्या हो, एका दिवसाने काय होतंय.” हे मी बोललो होतो, ते मला लिहिलंच पाहिजे. एरवी मी ही सगळी गोष्ट सोपानरावांवर ढकलून मोकळा झालो असतो.

एका दिवसाचे चार दिवस झाले. शेवटच्या दिवशी त्या फ्रेमवर वरून लाल रंग ओतला आणि मग काच फोडली. सोपानराव तिथेच होते. रंग चेहऱ्यावरून ओघळताना त्यांनी फोटो काढले, कारण ते त्यांचं काम होतं. तीन-चार फोटो काढल्यावर आपण काय करतोय ते त्यांना कळलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला वाटतं आधीच कळलं होतं, पण माणूस थांबत नाही.

पाचव्या दिवशी रंगराव गावाहून आला. बस स्टँडवरून थेट येतोय, आंघोळ करून फोटो न्यायला येतो, असं दारातूनच सांगून घरी गेला. सोपानराव घामाघूम होऊन माझ्या दुकानात शिरले. म्हणाले, “रात्रीत दुसरा काढतो. निगेटिव्ह आहे. दोन दिवस मागून घेतो.”

आणि इथे माझं डोकं चाललं. म्हणालो, “सोपानराव, दुसरा दिला तर तो घरात लागेल. रोज बघतील. उद्या पिक्चर आला की पहिल्या झटक्यात ओळखतील. घरात फोटोच नसेल तर पडद्यावरचा ओळखणार कोण?”

मी व्हिडिओ लायब्ररीवाला. दिवसभर असल्याच कथा बघायचो. ही अक्कल त्यातूनच आली असणार.

रंगराव आला तेव्हा त्याच्या कडेवर करिष्मा होती. सोपानरावांनी सांगितलं, “निगेटिव्हला पाणी लागलं. फोटो होऊ शकला नाही. आता निघणार नाही.”

रंगरावने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “दुसरा कंचाच न्हाई निघनार का?”

“नाही.”

“बरं. असू द्या. पानी लागलं त्याला तुमी काय करनार.”

पोरगी शोकेसमधल्या नवरीच्या फोटोकडे बोट करून बापाला विचारत होती, ही आई का. तो म्हणाला, न्हाई. मग तिने दुसऱ्या फोटोकडे बोट केलं. असे चार-पाच फोटो झाल्यावर तो तिला घेऊन गेला. जाताना सोपानरावांना नमस्कार करून गेला. त्या दिवशी आम्ही दोघांनी लवकर शटर ओढलं. मला माझीच किळस आली होती आणि तरी सुटल्यासारखंही वाटत होतं.

पिक्चर पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लागला. तीन थिएटरं मिळाली: एक पिंपरीत, एक तळेगावात, एक चाकणला. प्रत्येक माणूस आपला पिक्चर चालावा म्हणून नवस बोलतो. सोपानराव हा पहिला माणूस मी पाहिला, जो आपलं नाव असलेला पिक्चर पडावा म्हणून देवाला नारळ बोलला. आम्ही दोघं रोज पिंपरीच्या टॉकीजला जाऊन डोकी मोजायचो. पहिल्या दिवशी साठ, त्यातले चाळीस भिमाजीने टेम्पोत घालून आणलेले पाहुणे. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी सात, त्यात आम्ही दोन. पडद्यावर त्यांचं नाव आलं तेव्हा सोपानराव खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होते. ज्या नावासाठी एवढं केलं ते त्यांनी पडद्यावर अजून पाहिलेलं नाही.

पाचव्या दिवशी पिक्चर उतरला. तळेगाव आणि चाकणला तर त्याआधीच उतरला होता. भिमाजी आठवडाभर घराबाहेर पडला नाही. सोपानरावांनी मात्र गल्लीत जिलबी वाटली. लोकांनी विचारलं कशाची, तर म्हणाले, सहज. रंगरावच्या घरीही द्रोण गेला. मला ते आवडलं नाही, पण मी माझी जिलबी खाल्ली.

थिएटरमध्ये पडलेला पिक्चर तिथेच मरतो, अशी आमची समजूत. व्हिडिओचा धंदा करूनही माझी तीच समजूत, म्हणजे बघा. चार महिन्यांनी मुंबईच्या एका कंपनीने पिक्चर घेऊन त्याची व्हीसीडी काढली. नवाब नावाचा त्यांचा सेल्समन माझ्याकडे वीस डिस्कचा बॉक्स घेऊन आला. कव्हरवर सुमनचा चेहरा, आणि कपाळावरून ओघळणारा लाल रंग. सोपानरावांनी काढलेलाच तो फोटो. कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांचं नावही होतं.

सोपानराव आले, कव्हर पाहिलं, आणि पैसे मोजून वीसच्या वीस डिस्क उचलून घेऊन गेले. म्हणाले, “गल्लीत एकही दिसता कामा नये.” नवाब पुढच्या आठवड्यात आला तर बॉक्स रिकामा. खूश झाला, पन्नास दिल्या. त्याही सोपानरावांनी नेल्या. मग शंभर. नवाबने मुंबईला कळवलं की दापोडीत या पिक्चरला आग लागली आहे. कंपनीने वरचेवर माल काढला. दापोडीत एवढी खपते तर दिघीत, भोसरीत, चाकणला का नाही, म्हणून तिकडच्या प्रत्येक दुकानात डिस्क गेल्या. माझ्या दुकानाला कंपनीकडून मोठं पोस्टर आणि भिंतीवरचं घड्याळ बक्षीस आलं. एवढा सगळा प्रसार एका माणसाने केला, आणि तो माणूस पिक्चर दडपायला निघाला होता.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. नवाबला खरं सांगायला हवं होतं. पण त्या वर्षी माझं दुकान बसत चाललं होतं आणि हा एकच माल खपत होता. माझा मित्र लाजेने विकत घेत होता आणि मी त्याला विकत होतो. पोस्टर मी लावलं नाही, एवढंच. घड्याळ लावलं.

सोपानरावांच्या खाटेखाली डिस्कचे गठ्ठे झाले. त्यांची बायको गिरजाबाई वैतागली. तिला कारण माहीत नव्हतं. तिने डिस्क दोऱ्यात ओवून गच्चीवर टांगल्या, वाळवणावर कबुतरं येऊ नयेत म्हणून. उन्हात त्या चमकायच्या. सोपानराव खाली रस्त्याने जाताना कधी वर बघत नसत.

चाकणला मात्र डिस्क खरोखरच चालली. खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण राहणारी पोरं, भाड्याचा टीव्ही, भाड्याचा प्लेअर, पाळी सुटल्यावर वेळ कसा काढायचा हा प्रश्न. आणि या पिक्चरमध्ये त्यांचीच शेड, त्यांचाच भोंगा, त्यांचाच सुपरवायझर. भूत पहिल्यांदा सुपरवायझरला मारतं तिथे म्हणे खोल्याखोल्यांतून टाळ्या पडायच्या. एक डिस्क वीस खोल्या फिरायची. थिएटरात सात डोकी मोजली तो पिक्चर चाकणच्या खोल्यांमध्ये किती जणांनी पाहिला ते मोजणार कोण? आणि त्याच सुमारास रंगरावची कंपनी चाकणला गेली, आणि तोही पोरीला घेऊन तिकडे राहायला गेला.

सोपानरावांना आधी बरं वाटलं, गल्ली मोकळी झाली म्हणून. मग नवाबकडून चाकणचा खप कळला. त्यानंतर रंगराव ओळखेल का, त्याने पाहिला असेल का, हा एकच विषय. एकदा पिंपरीच्या बाजारात त्यांना रंगराव लांबून दिसला, तर हा साठीला आलेला माणूस उसाच्या गाड्यामागे जाऊन उभा राहिला. मला त्यांनी ते हसत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच उठून आपल्या दुकानात गेले.

मी पुढे कितीदा म्हटलं, “निगेटिव्ह आहे ना? एक फोटो काढा आणि जाऊन देऊन या.” ते म्हणायचे, “काय तोंडाने देऊ? पाण्यात भिजलेली निगेटिव्ह वाळली म्हणू?” एक वर्ष गेलं तेव्हा अवघड होतं. पाच वर्षं गेल्यावर जास्त अवघड झालं. लाज जुनी झाली की कमी होते असं मला वाटायचं. त्यांची वाढतच गेली. गेलेल्या माणसांचे मोठे फोटो करायचं काम त्यांनी हळूहळू सोडलं. कोणी आलं तर म्हणायचे, दुसरीकडे बघा, माझं मशीन बिघडलंय.

व्हीसीडी संपल्या. माझं दुकान मोबाइलचं झालं, त्यांचं आधार, झेरॉक्स आणि पासपोर्टचं. आम्हाला वाटलं, चला, आता पिक्चरही संपला. मग भिमाजीच्या पुतण्याने तो यूट्यूबवर चढवला. एका वर्षात वीस लाख लोकांनी पाहिला. आज आकडा एक कोटी दहा लाखांच्या पुढे आहे. रोज सकाळी सोपानराव माझ्या काउंटरशी येतात, “किती झाले?” विचारतात, आणि आकडा ऐकून आपल्या दुकानात जातात. बीपीची गोळी घ्यावी तसं ते नेमाने करतात. भिमाजी आता स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घेतो, सत्कार करवून घेतो.

यंदा गणपती उठले, पितृपक्ष लागला. दुपारची वेळ होती, मी स्टुडिओत पेपर वाचत बसलो होतो. एक मुलगी आत आली. अंगात इथल्याच एका कंपनीचा करडा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पाण्याचा ग्लास सोपानरावांनी नेहमीप्रमाणे पुढे केला. ती पाणी प्यायली आणि तिने मोबाइल पुढे केला.

“काका, हा फोटो मोठा होईल का? बारा बाय अठरा. आणि हा एक वडिलांचा, त्याच साइजचा. दोन्ही शेजारी लावायचेत.”

पहिला फोटो पिक्चरमधून काढलेला होता. रंग ओघळायच्या आधीची सुमन, भिंतीवर, गळ्यात हार. दुसरा फोटो रंगरावचा.

सोपानरावांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. मीच विचारलं, “वडील कधी गेले?”

“आषाढात. चार दिवस दवाखान्यात होते.” मग तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, अनोळखी ठिकाणी काम समजावून सांगतात तसं. “आईचा फोटो पिक्चरमधला आहे, लोक हसतात, पण आमच्याकडे चेहरा दिसणारा हाच आहे. एक्केचाळीस मिनिटं सोळा सेकंदाला एकदाच नीट दिसते. तुम्ही एडिटिंगमध्ये हार काढू शकाल का? आणि भिंत?”

“ही आई आहे हे तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“बाबांनी. चाकणला आम्ही राहायला गेलो तेव्हा शेजारच्या खोलीत पोरं बघत होती. बाबा दारातून बघून परत आले. दुसऱ्या दिवशी डिस्क विकत आणली. अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा तो दिवस, आम्ही टीव्हीवर तिथे थांबवायचो आणि पाट टीव्हीपुढे मांडायचो. थांबवलेलं चित्र हलायचं जरा. पुढे गेलं की ते लाल येतं, म्हणून मी रिमोट हातात धरून बसायचे. शेजारच्या मिनलकाकूंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचो.”

खोटं कशाला बोलू. त्या क्षणी माझ्या मनात आलं की सोपानरावांनी गुपचूप हार पुसावा, भिंत पुसावी, आणि हिला वाटेला लावावं. सतरा वर्षांत मी एवढाच सुधारलो होतो.

सोपानराव उठले. खालचा ड्रॉवर उघडून त्यांनी एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात सुमनचं नाव होतं.

“बाळ, तुझ्या वडिलांशी मी खोटं बोललो. निगेटिव्ह भिजली नव्हती. फोटो मी पिक्चरवाल्यांना दिला होता. नावासाठी दिला. आणि मग लपवलं.”

“मी सांगितलं होतं लपवायला,” मी म्हणालो.

करिष्माने पाकिटावरचं नाव वाचलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “ते तुम्हीच का? बाबांना माहीत होतं,” ती म्हणाली. “पिक्चर बघितला त्याच रात्री म्हणाले, निगेटिव्ह भिजली असती तर फोटो झालाच नसता. झाला म्हणजे ती फोटोवाल्याकडे असणार.”

“मग आला का नाही तो?” सोपानराव म्हणाले. “एकदा यायचं. शिव्या द्यायच्या.”

“मी म्हणायचे, जाऊन मागू या. तर म्हणायचे, मागायला गेलं की त्या माणसाला मान खाली घालावी लागंल. राहू दे. आपल्याकडं डिस्क हाय.”

मी पेपरची घडी घालायला लागलो आणि ती काही मला जमेना. ज्याच्यापासून हे उसाच्या गाड्यामागे लपले, तो माणूस यांची लाज राखत होता.

मग सोपानराव खाली बसले. रडतील असं मला वाटलं, पण त्यांनी चष्मा लावला, पाकिटातली पट्टी काढली, मऊ कापडाने पुसली आणि स्कॅनरमध्ये ठेवली. कॉम्प्युटरवर आधी सगळं नारिंगी आणि उलटं आलं. त्यांनी एक बटण दाबलं. सुमन पडद्यावर आली, हार नाही, भिंत नाही, मागे फक्त स्टुडिओचा आकाशी पडदा. तोंड मिटलेलं, पण आता हसेल अशी. केसांत अबोलीचा गजरा, आणि पदर खांद्यावर नीट घेतलेला, पिवळाधमक.

करिष्मा पुढे झाली. ओळखपत्र टेबलाला लागत होतं ते तिने हाताने धरलं.

“साडी पिवळी होती?”

“पिवळीच,” सोपानराव म्हणाले. “मला आठवतंय. त्या दिवशी दोन साड्या घेऊन आली होती. कुठली नेसू म्हणाली. मी म्हटलं, ही.”

पिक्चरमध्ये सगळंच निळं दिसतं. भुताचा पिक्चर निळा हवा म्हणून भिमाजीने अख्खं रीळ तसं रंगवून घेतलं होतं. हे तिला सांगावं की नाही, मला कळेना. पण तिला ते एव्हाना कळलं होतं.

“बाबांना साडीचं आठवत नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणाले, निळी दिसते म्हणजे निळीच असेल. आईला निळा आवडत असणार असं वाटून मिनलकाकूंना आम्ही दरवर्षी निळी साडी द्यायचो.”

“यंदा पिवळी दे,” मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. “नवमीला अजून चार दिवस आहेत.”

“यंदापासून नवमी नाही, काका. बाबा होते तोवरच होती.”

तिने विचारलं, दोन्ही फोटो कधी मिळतील. ते म्हणाले, उद्या. ती म्हणाली, उद्या तिची दुसरी पाळी आहे, आजच मिळाले तर बरं. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली, आणि ते दोन्ही फोटो होईपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणालाच बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसता आलं नाही.